दोर्दोन्य आणि वेझेर: दोन नद्यांच्या मधल्या कच्च्या वाटांवर ग्रॅव्हल सायकलचे पाच दिवस

नैऋत्य फ्रान्समधल्या पेरिगोर भागाचा नकाशा उघडला की नवखा माणूस पहिली रेघ नदीच्या काठाने ओढतो. दोर्दोन्य आणि वेझेर या दोन्ही नद्या इतक्या सुंदर वळणं घेतात, की तो मोह होणारच. पण नदीच्या अगदी काठाने जातो तो बहुधा डांबरी जिल्हारस्ता: दोर्दोन्यच्या बाजूने डी-७०३, वेझेरच्या बाजूने डी-७०६. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे कॅम्परव्हॅन आणि गाड्यांची रांग असते, आणि रस्त्याला सायकलसाठी कडेपट्टी जवळपास नसते. ग्रॅव्हल सायकल म्हणजे कच्च्या वाटांसाठी रुंद टायरची, वाकड्या दांड्याची सायकल. तिच्या खऱ्या वाटा वर आहेत, दोन खोऱ्यांच्या मधल्या पठारावर: ओक आणि चेस्टनटच्या जंगलातल्या लाकूडतोडीच्या वाटा, चुनखडीचे पांढरे शेतरस्ते, दोन्ही बाजूंनी दगडी बांध असलेल्या जुन्या पाणंदी.

म्हणून इथला साधा नियम: नदी ओलांडायची, नदीकाठाने लांब जायचं नाही. गाव नदीवर, जेवण नदीवर, मुक्काम नदीवर. सायकल चालवायची ती वरून.

याचा परिणाम लगेच पायांना कळतो. नदीपात्र समुद्रसपाटीपासून साधारण ६० ते ७० मीटरवर, पठार २०० ते ३०० मीटरवर. म्हणजे एकही मोठा घाट नाही, पण दिवसातून चार-पाच वेळा दीडशे मीटरचा चढ, आणि तो १० ते १५ टक्क्यांचा. ५० किलोमीटरच्या दिवसात ७०० ते ९०० मीटर चढ सहज भरतो. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी २२-२५ किलोमीटर जाणाऱ्याने इथे सामानासह सरासरी १२ ते १४ धरावी. नवख्यांचं वेळापत्रक कोलमडतं ते याच एका हिशेबात.

कधी जावं

मे, जून आणि सप्टेंबर. जूनमध्ये रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे घाई नसते. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ अंशांच्या वर जाऊ शकतो आणि मुक्कामाच्या जागा आधीच भरलेल्या असतात. ऑक्टोबर रंगांसाठी उत्तम, पण जमिनीवर चेस्टनटची काटेरी बोंडं आणि ओली पानं, आणि जंगलात शिकार सुरू. शिकारीचा मुख्य हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत असतो. त्या काळात जंगलाच्या तोंडाशी ‘शास आं कूर’ म्हणजे ‘शिकार सुरू आहे’ अशी पाटी दिसली तर त्या वाटेने जायचं नाही. वळसा घ्या. रविवारी हे जास्त. अंगावर भडक नारिंगी बिनबाह्यांचं जाकीट असावंच.

मे महिन्यात सार्वजनिक सुट्ट्या पुष्कळ. १ मे रोजी तर बेकरीसुद्धा बंद असण्याची शक्यता धरून आदल्या दिवशी खाणं घेऊन ठेवा.

पोहोचायचं कसं

मुंबईहून पॅरिसला थेट विमान आहे. पॅरिसच्या मोंपारनास स्टेशनवरून बोर्दोपर्यंत टीजीव्ही ही वेगवान गाडी दोन तासांच्या थोडं वर घेते. बोर्दोहून सार्लाकडे जाणारी प्रादेशिक गाडी, म्हणजे टीईआर, ‘ल ब्युईसों’ या छोट्या जंक्शनवर थांबते. पेरिग्यू ते आजां हा दुसरा मार्गही तिथूनच जातो. खाली दिलेली फेरी इथेच सुरू होते आणि इथेच संपते, ते याचसाठी. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना बेर्जराकचा छोटा विमानतळ जवळ पडतो. तो याच रेल्वेमार्गावरच्या गावाचा आहे.

टीजीव्हीत अख्खी सायकल न्यायची तर तिची वेगळी जागा आगाऊ राखावी लागते आणि अशा जागा मोजक्या असतात. चाकं काढून १३० बाय ९० सेंटिमीटरच्या पिशवीत बांधली तर ती सामान म्हणून जाते. टीईआरमध्ये जागा असेपर्यंत सायकल तशीच चढवता येते. एक गोष्ट मात्र तपासाच: वेळापत्रकात गाडीच्या नावाऐवजी ‘ओतोकार’ लिहिलं असेल तर ती बस आहे. रुळांचं काम चालू असलं की गाडीऐवजी बस सोडतात, आणि बसमध्ये सायकल घेतीलच याची खात्री नाही. या मार्गावर दिवसाला गाड्या थोड्याच, त्यामुळे शेवटची गाडी धरून बेत आखू नका.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. त्याच्या विम्यात वैद्यकीय खर्चाचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं हवं. विमा घेताना सायकलिंग त्यात धरलंय का, हे लेखी पाहून घ्या.

सायकल: स्वतःची की भाड्याची

सायकल स्वतःची असेल तर तीन गोष्टी बघा.

पहिली, टायर. ४० ते ४५ मिलीमीटर रुंद. ३५ वर पांढरे रस्ते जमतात, पण जंगलातल्या उतारांवर चुनखडीच्या धारदार कपच्या टायरची बाजू कापतात. ट्यूबलेस असेल तर प्रत्येक चाकात ६० ते ८० मिलिलिटर सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, आणि निघण्यापूर्वी ताजं भरलेलं. मुंबई-पुण्याच्या उन्हात ते महिन्या-दोन महिन्यांत वाळून जातं आणि पहिल्याच काट्याला कळतं की आत फक्त रबराची पापडी उरली आहे. बाभळीच्या काट्यांची सवय असलेल्यांना इथे वेगळा काटा भेटेल. शरद ऋतूत शेतकरी यंत्राने कुंपणं छाटतात आणि रानटी आलुबुखार व हॉथॉर्नचे काटे रस्त्यावर पसरतात. ताज्या छाटलेल्या कुंपणाशेजारून जाताना रस्त्याच्या मधून चालवा, कडेने नको.

हवा: ७० ते ७५ किलोचा चालक, ६-७ किलो सामान, ४२ मिलीमीटरचा ट्यूबलेस टायर असेल तर पुढे ३० आणि मागे ३४ पीएसआयपासून सुरुवात करा. ट्यूब असेल तर प्रत्येकी ५ जास्त, नाहीतर दगडावर आपटून ट्यूबला सापाच्या दंशासारखी दोन भोकं पडतात. पेट्रोल पंपावरचा आकडा तिथे बारमध्ये असतो. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. प्रेस्टा, म्हणजे सायकलच्या बारीक, व्हॉल्व्हवर बसणारं पितळी ॲडॅप्टर खिशात असू द्या.

दुसरी, गिअर. सगळ्यात हलका गिअर किमान एकास एक, म्हणजे पुढे-मागे सारख्या दात्यांचा, हवा, त्याहून हलका असला तर उत्तम. पुढे ४० दात्यांची एकच चकती असेल तर मागे ४२ दात्यांपर्यंतची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच. पुढे दोन असतील तर ४६/३० आणि मागे ३४. रोड सायकलचं ५०/३४ आणि मागे २८ घेऊन आलात तर दोम गावाच्या चढावर सायकल ढकलत न्याल.

तिसरी, ब्रेक. डिस्कब्रेकच हवेत. ओली चुनखडी सॅंडपेपरसारखी घासते. पावसाच्या दोन दिवसांत रेझिनचे पॅड संपू शकतात. पॅडची एक जोडी बरोबर ठेवा, तीही नेमक्या तुमच्या कॅलिपरची, म्हणजे पॅड धरणाऱ्या भागाची. प्रत्येक कंपनीचा आकार वेगळा, आणि गावातल्या दुकानात तुमचा मिळेलच असं नाही. हीच गोष्ट हँगरची, म्हणजे गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर बसतो त्या तुकड्याची. तो दहा ग्रॅमचा तुकडा वाकला तर सगळी सहल थांबते.

भाड्याने घ्यायची तर सार्लासारख्या गावांत सायकली मिळतात, पण ग्रॅव्हल सायकल असेलच असं नाही. ‘व्हेतेसे’ म्हणजे सगळ्या वाटांवर चालणारी सरळ दांड्याची हायब्रिड. तिला ४० मिलीमीटरच्या वरचा टायर असेल तर ती या फेरीला पुरते. ‘व्हेआआ’ म्हणजे विजेची. आणि एक फरक अंगवळणी पडायला वेळ लागतो: आपल्याकडच्या अनेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, फ्रान्समध्ये तो डाव्या हाताला. सवयीने मागचा ब्रेक समजून डावा दाबला आणि खाली सैल खडी असेल, तर पुढचं चाक अडकून माणूस दांड्यावरून पुढे. पहिल्या दिवशी रिकाम्या पटांगणात वीस मिनिटं फक्त ब्रेक मारत फिरा.

सामान एकूण ६ ते ८ किलोच्या आत. जड वस्तू फ्रेममधल्या पिशवीत, कपडे सीटमागे, हलकं पुढे. सीटमागची पिशवी ढिली बांधली तर खडबडीत उतारावर ती शेपटीसारखी डोलते आणि मागचं चाक घसरतं. बूट असे घ्या की क्लीट, म्हणजे पायडलमध्ये अडकणारा तुकडा, तळव्यात बुडालेली असेल. गावांत दगडी फरसबंदी आहे, आणि चढावर कधीतरी उतरून चालावं लागेलच.

नकाशा वाचताना

आयजीएन या सरकारी संस्थेचे १:२५,००० प्रमाणाचे नकाशे इथला सगळ्यात विश्वासू आधार. १ सेंटिमीटर म्हणजे २५० मीटर. त्यावर दुहेरी बारीक रेघ म्हणजे गाडी जाऊ शकेल असा रस्ता, एकेरी सलग रेघ म्हणजे शेतीची किंवा लाकूडतोडीची वाट, आणि एकेरी तुटक रेघ म्हणजे पायवाट. ग्रॅव्हलसाठी पहिल्या दोन घ्या. तुटक रेघेवर अर्धा किलोमीटर वाचवायला जाल आणि सायकल खांद्यावर घेऊन पाऊण तास घालवाल. ॲपमध्ये आपोआप आखलेला मार्ग घरीच या नकाशावर ठेवून तपासा. ॲपला वाट आहे एवढंच माहीत असतं. ती काटेरी झुडपांनी बंद झाली आहे, हे माहीत नसतं. मार्ग फोनवर उतरवून घ्या, कारण खोऱ्याच्या तळाशी मोबाईलला रेंज मिळेल याचा भरवसा नाही.

जमिनीवरच्या खुणा ओळखता यायला हव्यात. लाल-पांढरा पट्टा म्हणजे ‘जेएर’, लांब पल्ल्याची चालण्याची वाट. लेझेझी गावाहून जेएर-६ आणि जेएर-३६ दोन्ही जातात. त्यांच्यामागे आंधळेपणाने जाऊ नका. मध्येच कातळात कोरलेल्या पायऱ्या येतात. पिवळा पट्टा म्हणजे छोटी स्थानिक फेरी. याच रंगांत फुली दिसली तर ‘ही वाट नाही’. त्रिकोण आणि त्याला लागून दोन गोल ही माउंटन बाइकच्या मार्गाची खूण. हिरवा आणि निळा ग्रॅव्हल सायकलला चालतो, लाल सामानासह नको, काळा सोडून द्या.

पाट्यांचं काय? ‘शमँ र्युराल’ म्हणजे गावरस्ता, सर्वांसाठी खुला. ‘प्रोप्रिएते प्रिव्हे’ म्हणजे खाजगी, परत फिरा. जंगलाच्या तोंडाशी आडवा लोखंडी दांडा असतो, तो सहसा मोटारींसाठी. त्यावर लाल कड्यात मोटार आणि मोटारसायकलचं चित्र असेल तर सायकल जाऊ शकते. पण लाल कडं आणि आत कोरा पांढरा गोल असेल तर सगळ्याच वाहनांना बंदी, सायकलसुद्धा. ‘रूत बारे’ म्हणजे रस्ता बंद. त्यामागे पुलाचं काम असेल तर सायकलही जात नाही, तेव्हा उतार उतरण्याआधीच पर्यायी वाट पाहून ठेवा.

झाड पाहून माती ओळखा

या भागातली सगळ्यात उपयोगी युक्ती हीच, आणि ती कुठल्याही ॲपमध्ये नाही.

पेरिगोरचा पाया चुनखडीचा. जिथे चुनखडी उघडी आहे तिथे खुरटे, खवल्यांच्या सालीचे ओक आणि ज्युनिपरची झुडपं उगवतात. ट्रफल नावाची महागडी अळंबी होते तीही अशाच मातीत. तिथला रस्ता पांढरा, कडक, पाणी झिरपू देणारा. रात्रभर पाऊस पडला तरी सकाळी अकरापर्यंत चालवण्याजोगा होतो. चेस्टनटच्या झाडाला मात्र चुना सोसत नाही. ते उगवतं ते पठारावर चुनखडीच्या वर साचलेल्या वाळू-चिकणमातीच्या थरांत. म्हणून लांब दातेरी पानांचं जंगल सुरू झालं, पायाखाली नेचे दिसू लागले, की समजा: माती बदलली. कोरड्या दिवसांत ही वाट मऊ, शांत, अतिशय सुखाची. पावसानंतर दोन-तीन दिवस तीच लालसर चिकणमाती टायर आणि फ्रेमच्या मध्ये भरते, चाक फिरेनासं होतं, आणि जोर लावला तर डिरेलर तुटतो.

म्हणजे पावसाच्या दुसऱ्या दिवशी मार्ग बदलायचा तो असा: चेस्टनटचा तुकडा डांबरी गावरस्त्याने ओलांडा, ओकचा तुकडा कच्च्या वाटेने घ्या. चिखल भरलाच तर पायडल मारत राहू नका. उतरा, काडीने खरवडा, ढकलत बाहेर या. दोर्दोन्यच्या दक्षिणेला बेल्वेसजवळचं बेसेदचं जंगल बहुतांशी चेस्टनट आणि पाइनचं आहे. तिथे ही काळजी सगळ्यात जास्त.

पाणंदींमध्ये पानांचा थर असतो आणि त्याखाली सुटे दगड. उतारावर हात दांड्याच्या खालच्या वळणावर, कोपर सैल, वजन किंचित मागे. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही. नजर पुढच्या दहा-पंधरा मीटरवर. चाकापुढच्या दगडाकडे बघितलं की चाक नेमकं त्याच दगडावर जातं.

पाच दिवसांची फेरी

एकूण साधारण २१५ किलोमीटर. तंदुरुस्त माणूस हे चार दिवसांत करेल, पण मग गुहा आणि गावं नुसती ओझरती बघून होतील.

पहिला दिवस, ल ब्युईसों ते सँ-लेओं-स्युर-वेझेर, सुमारे ४५ किलोमीटर. सुरुवातीलाच लिमय. दोन्ही नद्यांचा संगम इथे होतो आणि दोन पूल एकमेकांना काटकोनात उभे आहेत. गावातून वर जाणारी गल्ली इतकी उभी, की दिवसाचा पहिला धडा इथेच मिळतो. पुढे ल ब्यूग, तिथून कांपान्य गावामागच्या जंगलातून लेझेझी. कातळाच्या पुढे आलेल्या कपाळाखाली घरं बांधलेलं हे गाव. क्रो-मान्यों या प्रागैतिहासिक माणसांचे सांगाडे १८६८ मध्ये इथेच सापडले आणि राष्ट्रीय प्रागितिहास संग्रहालयही इथेच आहे. फों-द-गोमच्या गुहेत मूळ चित्रं अजून पाहता येतात, पण रोजचा प्रवेश मर्यादित, म्हणून आगाऊ तिकीट. लेझेझीच्या वर डी-७०६ टाळून पश्चिमेच्या टेकड्यांवरून जा. ला मादलेन आणि ल मुस्तिए ही नावं पाटीवर दिसतील. पुरातत्त्वातले माग्दालेनियन आणि मुस्तेरियन हे अश्मयुगातले कालखंड याच दोन ठिकाणांवरून ओळखले जातात.

दुसरा दिवस, सँ-लेओं ते सार्ला, सुमारे ५० किलोमीटर. सर्वांत जास्त चढाचा दिवस, म्हणून सकाळी आठला निघा. मोंतिन्याकजवळ लास्को, अश्मयुगीन भित्तिचित्रांची गुहा. मूळ गुहा १२ सप्टेंबर १९४० रोजी सापडली आणि १९६३ मध्ये लोकांसाठी बंद झाली. माणसांच्या श्वासाने भिंतींवर शेवाळ आणि क्षार वाढू लागले होते. आता पाहतात ती २०१६ अखेरीस उघडलेली पूर्ण प्रतिकृती, लास्को-४. तिकिटावर वेळ छापलेली असते. सायकलवाल्याने स्वतःच्या अंदाजात एक तास वाढवून ती घ्यावी. मग पूर्वेला पठारावर सँतामां-द-कोली, किल्ल्यासारखं तटबंद चर्च. पुढे सँ-जनिएस. तिथली छपरं ‘लोझ’ची, म्हणजे चुनखडीच्या फरशा एकावर एक रचून केलेली. एका चौरस मीटरवर साधारण ५०० किलो दगड पेलायचा, म्हणून छपराचा उतार तेवढा तीव्र. सँ-लेओं ते सार्ला या टप्प्यात दुकानं फार थोडी. मोंतिन्याकमध्येच दोन्ही बाटल्या आणि दुपारचं खाणं भरून घ्या.

तिसरा दिवस, सार्ला ते सँ-सिप्रियें, ५० किलोमीटर. सार्लाहून जुन्या रेल्वेमार्गावरची सायकलवाट सुटते. डांबरी, सपाट, थकलेल्या पायांना औषध. ग्रोलेजाकपाशी नदी ओलांडून डाव्या काठाने दोम. नदीपासून दीडशे मीटर वर १२८१ मध्ये वसवलेलं हे तटबंद नगर. कच्च्या वाटेने मागच्या बाजूने चढा, पुढचा डांबरी चढ मोटारींनी भरलेला असतो. उतरून सेनाकच्या पुलावरून ला रोक-गाजाक पाहायचं तर ४-५ किलोमीटर डी-७०३ वरून जावं लागतं. सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर. मग कास्तलनोच्या पुलावरून परत डाव्या काठाला या आणि तिथेच राहा. बेनाकचा किल्ला समोरच्या काठावरून, फेराकजवळून, जास्त छान दिसतो. शंभर वर्षांच्या युद्धात कास्तलनो इंग्रजांकडे आणि बेनाक फ्रेंचांकडे, मध्ये फक्त नदी. पुढे मिलांदचा वाडा लागतो. नर्तिका आणि गायिका जोसेफिन बेकर इथे राहत असे. २०२१ मध्ये तिला पॅरिसच्या पाँथेओंमध्ये, म्हणजे राष्ट्राच्या थोरांच्या स्मारकात, मान मिळाला. आलासच्या पुलावरून सँ-सिप्रियें.

चौथा दिवस, सँ-सिप्रियेंहून सिओराक, टेकडीवरचं बेल्वेस, बेसेदचं जंगल आणि मोंपाझिए, साधारण ४० किलोमीटर. जंगलात वाटा सरळ आणि एकसारख्या. प्रत्येक चौफुलीवर थांबून नकाशा बघा, नाहीतर दोन किलोमीटर पुढे गेल्यावर चूक कळते. मोंपाझिए इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १२८४ मध्ये आखलं: ४०० बाय २२० मीटरचा काटकोनी आयत, मधोमध चौक, चौकाभोवती कमानी आणि लाकडी छताचा बाजार. त्या छताखाली धान्य मोजायची जुनी मापं आहेत.

पाचवा दिवस ३० किलोमीटरचा. मोंपाझिए, कादुअँचा मठ, ल ब्युईसों. कादुअँचं कापड शतकानुशतकं ख्रिस्ताच्या डोक्याचं वस्त्र म्हणून पुजलं गेलं. १९३४ मध्ये त्याच्या काठावरच्या नक्षीत अरबी कूफी लिपी वाचली गेली आणि ते अकराव्या शतकातलं इजिप्तचं कापड निघालं. मठाचा बांधीव चौक थांबून पाहण्याजोगा आहे.

पाणी, बेकरी आणि शाकाहाऱ्यांचा प्रश्न

उन्हाळ्यात ताशी पाऊण लिटर पाणी धरा आणि किमान दीड लिटर बरोबर ठेवा. चुनखडीचं पठार पाणी धरत नाही, म्हणून वर झरे जवळपास नाहीत. गावात नळ दिसला नाही तर दफनभूमी शोधा: फ्रान्समध्ये ती बहुधा गावाच्या कडेला असते आणि फुलांसाठी नळ असतो. ‘ओ पोताब्ल’ म्हणजे पिण्याजोगं. मध्ये ‘नों’ असेल तर बाटलीत भरू नका.

बेकरी सकाळी सातच्या सुमारास उघडते, साडेबारा-एकला बंद, चार ते सात पुन्हा. सोमवारी बऱ्याच बंद. रविवारी दुपारनंतर सगळंच शांत. जेवणाची ठिकाणं बारा ते दीड आणि सात ते नऊ. अडीच वाजता पोहोचलात तर स्वयंपाकघर बंद असतं आणि विनंती करून उपयोग नाही. आठवडी बाजार यावर उत्तम तोडगा: ल ब्यूगला मंगळवार, मोंतिन्याकला बुधवार, सार्लाला बुधवार आणि शनिवार, मोंपाझिएला गुरुवार, बेल्वेसला शनिवार, सँ-सिप्रियेंला रविवार. फेरीचा पहिला दिवस मंगळवार धरला तर ल ब्यूग आणि मोंतिन्याक ओळीने मिळतात.

हा बदकाचा आणि हंसाचा प्रदेश आहे. शाकाहाऱ्याने तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ‘पॉम सार्लादेझ’ हे लसूण घातलेले परतलेले बटाटे दिसायला निर्दोष, पण बदकाच्या चरबीत केलेले असतात. सॅलडमध्ये आणि कीश या अंड्याच्या भाजलेल्या पदार्थात ‘लार्दों’, म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे, न सांगता येतात. सूपही बहुतेकदा मांसाच्या पाण्यातलं. ‘सां व्यांद, सां लार्दों’ म्हणजे मांस नको, लार्दों नको. चालणारं बरंच आहे: काबेकू हे बकरीच्या दुधाचं चपटं चीज, अक्रोडाचा केक, अंडी खाणाऱ्यांना सेप अळंबीचं ऑम्लेट. सायकलवरच्या पिशवीत अक्रोड, सुके आलुबुखार, पाव आणि चीज. सोबत घरून आणलेली शेंगदाण्याची चिक्की चार दिवस टिकते आणि उन्हात चॉकलेटसारखी वितळत नाही.

मुक्कामासाठी ‘आक्योय व्हेलो’ची पाटी शोधा. सायकलसाठी बंदिस्त जागा आणि दुरुस्तीची अवजारं ही त्या पाटीची अट असते. पहिल्या मुक्कामाला ईमेल करून सायकलचा खोका पाच दिवस ठेवतील का, हे विचारून घ्या.

नियम आणि अंग सांभाळणं

उजवीकडून चालवा. थांबून पुन्हा निघताना, विशेषतः जेवणानंतर, हात आपोआप डावीकडे वळतो. त्या क्षणी सावध. छोट्या गावांत पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, ती गल्ली कितीही लहान असो. गोल चौकात आत असलेल्याचा हक्क पहिला. घंटी सक्तीची. अंधारात गावाबाहेर दिवे आणि चमकणारं बिनबाह्यांचं जाकीट सक्तीचं. कानात इयरफोन घालून चालवलं तर १३५ युरो दंड. पायवाटेवर माणसं दिसली की लांबूनच घंटी, वेग कमी आणि ‘बाँझूर’. तिथे हे न म्हणणं उद्धटपणाचं मानतात.

जंगलात, उंच गवतात बसलात तर संध्याकाळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत गोचीड आहे का बघा. हिरव्या क्रॉसच्या औषधाच्या दुकानात ‘तीर-तीक’ नावाचा छोटा आकडा मिळतो. गोचीड त्याने फिरवत काढा. तेल किंवा काडी लावू नका. चावल्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी लाल वर्तुळ पसरताना दिसलं तर डॉक्टर गाठा, भारतात परतल्यावरही, आणि कुठे फिरलात ते सांगा. लाइम रोग आपल्याकडे सहज कुणाच्या डोक्यात येत नाही. आणीबाणीत ११२, जागा सांगायला फोनमधले अक्षांश-रेखांश वाचून दाखवा.

रोज संध्याकाळी दहा मिनिटं सायकलला द्या. साखळीवरची पांढरी भुकटी कोरड्या फडक्याने पुसा, मग तेलाचे थेंब, मग जास्तीचं पुन्हा पुसून घ्या. ओल्या हवामानाचं चिकट तेल इथे उन्हाळ्यात वापरू नका. चुन्याची धूळ त्यात बसून घासायची लेई तयार होते. टायरमधले दगड नखाने काढा, ब्रेक पॅडची जाडी बघा, पिशव्यांचे पट्टे ओढा. आणि ल ब्युईसोंला पोहोचल्यावर गाडी पकडण्याआधी टायर आणि तळाचा चिखल धुऊन टाका: डब्यात तो इतरांच्या कपड्यांना लागतो, आणि विमानाच्या खोक्यात ओली सायकल बांधली तर घरी उघडेपर्यंत साखळीवर गंज चढलेला असतो.